औषध लागलंय

परत येऊन दोन महिने झाले. या दोन महिन्यांत ज्यानं ज्यानं विचारलं, मराठवाडा कसा काय वाटला, त्याला त्याला मी कंधारचा किल्ला सांगितला, अंबाडीची भाजी सांगितली, लातूरच्या गल्ल्यांतले क्लासचे फलक सांगितले. माणसं ऐकून खूश झाली. घरी मात्र हिनं एकदा सहज विचारलं, की तुम्ही एवढं सगळं सांगता, पण तिकडं उतरला होतात कुणाकडे ते कधीच कसं सांगत नाही? मी पेपर तोंडासमोर धरला. लाज वाटत होती म्हणून इतके दिवस टाळलं. आता टाळण्याचीही लाज वाटायला लागली आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. एका शेतकी कॉलेजात कीटकशास्त्र शिकवतो. गेली काही वर्षं माझा विषय एकच आहे, कापसाची हिरवी बोंडअळी. ही अळी बोंडाला भोक पाडून आत शिरते आणि बाहेर शेतकरी पंप पाठीवर घेऊन हिंडत राहतो. पूर्वी एका फवारणीत ती मरायची. मग दोन लागल्या, मग चार. कारण साधं आहे. प्रत्येक फवारणीत लेच्यापेच्या अळ्या मरतात, चिवट तेवढ्या उरतात आणि पुढची पोरंबाळं त्या चिवट अळ्यांचीच होतात. ठिकठिकाणच्या शेतांतून जिवंत अळ्या आणायच्या, प्रयोगशाळेत प्रत्येकीच्या पाठीवर औषधाचा मोजून एक थेंब ठेवायचा आणि किती जगल्या ते लिहून काढायचं, हे माझं काम.

लातूरच्या भूकंपाला आता चार-पाच वर्षं होत आली, ही यंदाचीच गोष्ट. कंधार तालुक्यातल्या एका खेड्यातून किसनराव गायकवाड नावाच्या गृहस्थांचं पत्र आलं. त्यांनी माझं रेडिओवरचं भाषण ऐकलं होतं. शाळेत शिपाई आहे, सात एकर कापूस आहे, औषध मारून मारून थकलो पण अळी मरत नाही, असं त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं. मला हवा होता तसाच माणूस. मी लगेच पोस्टकार्ड टाकलं. 'आपल्या शेतातील बोंडअळीच्या तपासणीसाठी येत आहे', मग तारीख, मग एसटीची वेळ. एक मुक्काम करीन. जेवण साधे चालेल. मला आम्लपित्ताचा त्रास असल्याने तिखट कमी असावे, तेल बेताचे, शक्य झाल्यास ताक.

एवढं लिहिण्यात कार्ड भरलं. शेतकऱ्यांना पाठवायच्या प्रत्येक पत्रात मी एक ओळ न चुकता लिहीत असे, 'मी येईपर्यंत फवारणी करू नये.' त्या दिवशी ती लिहायला जागा उरली नाही. दुसरं कार्ड घ्यायचा कंटाळा केला आणि सही करून पेटीत टाकलं.

लातूर

रात्रीच्या एसटीनं निघालो, औशाच्या अलीकडे उजाडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भूकंपानंतर वसवलेली गावं दिसायला लागली. सगळी घरं एका मापाची, एका रांगेत, मध्ये शहरासारखे रुंद रस्ते. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, नव्या गावात पहिलं वर्षभर माणसं आपलं घर चुकायची, म्हाताऱ्यांनी दारांवर ओळखीसाठी चिंध्या बांधल्या होत्या. मी हसलो. ते हसले नाहीत, तेव्हा मीही खिडकीबाहेर बघायला लागलो.

लातूरच्या स्टँडवर एक नवल पाहिलं. खेड्यांतून येणाऱ्या प्रत्येक गाडीतून माणसांच्या आधी डबे उतरत होते. ॲल्युमिनियमचे, कापडात बांधलेले, प्रत्येकावर तेलरंगात पोराचं किंवा पोरीचं नाव आणि गल्ली लिहिलेली. आई पहाटे उठून भाकऱ्या थापते, बाप गाडीवर डबा देतो आणि इकडे खोली घेऊन राहिलेलं लेकरू ते खाऊन डॉक्टर होण्याच्या तयारीला लागतं. आमच्याकडे पोरगं शिकायला बाहेर पडलं की मेसचं कार्ड काढून देतात आणि सुटतात. इथं गावच्या गावं पोरांच्या मागं उभी होती. जिथं भिंत दिसेल तिथं क्लासचा फलक, फलकावर गेल्या वर्षी गुण मिळवलेल्या पोरांचे फोटो. चहाच्या टपरीवरही दोघं जण शरीरशास्त्राचे प्रश्न एकमेकांना विचारत होते.

लॉजवाल्यानं मला वरच्या मजल्यावरची खोली आनंदानं दिली. खालच्या खोल्या भरलेल्या होत्या. भूकंपापासून वरती कुणी झोपायला तयार होत नाही, असं तो म्हणाला. मी शास्त्राचा माणूस, मला कसली भीती, असं काहीतरी मी त्याला ऐकवलं आणि रात्रभर एक डोळा पंख्यावर ठेवून झोपलो.

चाकूर, कंधार

माझ्याजवळ दोन मोठे खोके होते. त्यांत छोट्या छोट्या कप्प्यांचे प्लास्टिकचे डबे, झाकणांना बारीक भोकं. ही अळी आपल्याच बहिणीला खाते, म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र खोली द्यावी लागते. चाकूरला कंडक्टरनं ती भोकं पाहिली आणि साप-बिप तर न्हाईत ना, अशी विचारणा केली. मी जरा मोठ्यानंच सांगितलं, की डबे रिकामे आहेत, येताना अळ्या भरून आणणार आहे. पुढच्या बाकावरच्या बाईंनी आपली भाजीची टोपली उचलून मांडीवर घेतली. अळ्या न्यायला इतक्या लांबून माणूस येतो, हे त्या कंधारपर्यंत चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या.

कंधारला खलीलभाई जीप घेऊन आले होते. काळीपिवळी जीप, मागच्या सीटवर फुटलेलं रेक्झीन. पन्नाशीचे, बोलायला कमी. किसनरावांनी त्यांनाच सांगून ठेवलं होतं. हातात वेळ होता म्हणून त्यांनी मला किल्ला दाखवला. भोवती पाण्याचा खंदक, आत चिंचेची झाडं आणि निवांत चरणाऱ्या शेळ्या. मी फोटो काढले. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागला होता आणि प्रत्येक तिसऱ्या शेतात कुणीतरी पंप मारत होतं. खलीलभाईंनी काच वर केली. म्हणाले, या दिवसांत जीपला दुसरीच भाडी जास्त असतात. मी त्यावेळी मनात नमुन्यांचा हिशेब करत होतो, कसली भाडी ते विचारलं नाही.

किसनरावांचं शेत

किसनराव वेशीवर उभे होते. पांढरा धुतलेला शर्ट, केसांना तेल. हातातले खोके त्यांनी मला उचलू दिले नाहीत. अंगणात सडा होता, दारात रांगोळी होती. भूकंपानंतर त्यांनी घरावरचं मातीचं माळवद उतरवून पत्रे टाकले होते. पत्र्याखाली बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, ताजा हार घातलेला. त्यांच्या पत्नीनं, शेवंताबाईंनी, पाणी दिलं. डोक्यावरचा पदर दातांत धरून, खाली बघत. तेव्हाच त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. एकुलती एक लेक सुजाता लातूरला बारावीला आहे, डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास लावलाय, हे किसनरावांनी मी टेकायच्या आत सांगितलं.

शेतात गेलो आणि माझं भान हरपलं. एवढ्या टपोऱ्या, एवढ्या निरोगी अळ्या मी एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या. प्रत्येक झाड बघायचं, बोंड फिरवायचं, चिमट्यानं अळी उचलायची आणि कप्प्यात टाकायची. तीन तासांत दोनशे झाल्या. एक गोष्ट चमत्कारिक होती. सगळ्या अळ्या मोठ्या होत्या, नुकती जन्मलेली बारीक अळी औषधालाही सापडत नव्हती. पानांवर मावा नाही, तुडतुडे नाहीत. काही पानांवर पांढुरके डाग होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानंही यावरून ओळखलं असतं, की शेत नुकतंच फवारलं आहे आणि मी वेचतोय ते मागे उरलेले पैलवान आहेत. पण मी पडलो प्राध्यापक. मी झाडाखाली बसून वहीत एक नवा सिद्धांत लिहिला, की या पट्ट्यात सगळ्या अळ्या एकाच वेळी जन्माला येत असाव्यात. वास आला नाही का, असं कुणी विचारील. वीस वर्षं विषाच्या बाटल्या हुंगून माझं नाक कामातून गेलं आहे.

आमच्या साताऱ्याकडे कृषी खात्याचा माणूस आला की शेतकरी त्याला हाताला धरून सगळ्यात वाईट वाफ्याकडे नेतो आणि बघा बघा म्हणून नुकसान दाखवतो. किसनराव उलट होते. मी अळी धरली की त्यांचा चेहरा उतरायचा. आणखी हायत का, असं ते हळू आवाजात विचारायचे आणि मी आनंदानं म्हणायचो, अहो, भरपूर. बांधाकडेला शेवंताबाईंनी देशी कापसाची दहा-वीस झाडं राखली होती, उशांसाठी. त्यांना ना फवारणी, ना अळी. आजोबांच्या काळी सगळं शेत त्याच कापसाचं होतं, किसनराव म्हणाले, पण धागा आखूड, बाजार विचारत नाही, म्हणून संकरित वाण आला आणि त्याच्या मागून पंप आला. मी मान डोलावली आणि पुढच्या ओळीत शिरलो.

जेवण

जेवायला बसलो तेव्हा एक वाजला होता. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, ताक. माझ्यासाठी भाजी वेगळ्या पातेल्यात, बिनतिखटाची. इतकी चवदार अंबाडी मी आयुष्यात खाल्ली नव्हती, हे मी सगळ्यांना सांगितलंय आणि ते खरं आहे.

शेवंताबाई वाढत होत्या. ब्लाउज घामानं भिजला होता. मला वाटलं, वर पत्रे तापलेत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, चुलीचा धूर. दोनदा दाराबाहेर जाऊन थुंकून आल्या. मला वाटलं, मिश्री लावत असतील. ताक ओतताना हात इतका थरथरला की निम्मं ताटाबाहेर गेलं. मला वाटलं, परका माणूस समोर आहे, बाई बुजली आहे. हे सगळं एका माणसात एका वेळी दिसलं तर त्याचा अर्थ काय होतो, यावर मी दरवर्षी एक संपूर्ण तास शिकवतो. फळ्यावर क्रमानं लिहून देतो आणि हमखास परीक्षेला विचारतो.

माझं अर्धं जेवण झालं असेल. परसात ओकारीचा आवाज आला. किसनराव उठून गेले, परत आले, माझ्या ताटाजवळ अवघडून उभे राहिले आणि अगदी हळू बोलले.

"तिला जरा औषध लागलंय, साहेब."

माझ्या भाषेत याचा अर्थ एकच होतो. तिला औषध हवं आहे. मी म्हटलं, अवश्य, त्यात काय एवढं, पित्त झालं असेल. खांद्याच्या पिशवीतून माझ्या आम्लपित्ताच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि त्यातल्या दोन त्यांच्या हातावर ठेवल्या. आत्ता एक द्या, तासाभरानं दुसरी, आणि पडू द्या त्यांना निवांत. किसनरावांनी गोळ्या दोन्ही हातांनी घेतल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मी पाहिला आणि मला बरं वाटलं, कुणाच्या तरी उपयोगी पडल्याचं.

त्या भागात ऊन लागतं तसं औषध लागतं. फवारणीचं विष अंगात भिनलं की म्हणतात, औषध लागलं. किसनरावांनी मला ते सांगून टाकलं होतं. आणि अळीच्या औषधातला मोठा साहेब समोर बसला आहे, त्यानं ऐकलं आणि काढून गोळ्या दिल्या, म्हणजे उतारा मिळाला, असं त्यांनी समजून घेतलं. आता घाबरायचं कारण नाही, असं त्यांनी शेवंताबाईंनाही सांगितलं. मी लिंबाखाली बाजेवर आडवा होऊन डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. आतून कण्हण्याचा आवाज येत होता आणि मग तो थांबला, तेव्हा मला वाटलं गोळी लागू पडली.

साडेतीनला खलीलभाई मला दुसऱ्या शेतावर न्यायला आले. पाणी मागायला आत गेले, बाईंना बघून आणि किसनरावांकडून गोळ्यांचं ऐकून तसेच परत फिरले. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "साब, बाईचे डोळे बघितले का तुम्ही? सुईच्या टोकावानी झालेत. ह्ये पित्त न्हाई. औषध लागलंय तिला, औषध. तुमचंच असतंय ना ते काम?"

मी धावलो. शेवंताबाई कुशीवर पडल्या होत्या, तोंडातून फेस, श्वास घरघरत होता. पापणी उचलली, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. मी तिथंच खाली बसलो. पुढं काय करायचं ते मला फक्त पाठ होतं. खलीलभाईंनी शेजारच्या बायका बोलावल्या, साबण आणून अंग धुवायला लावलं, लुगडं बदलायला लावलं, आणि किसनरावांना दरडावून औषधाच्या बाटल्या मागितल्या. रिकाम्या बाटल्या कडब्याच्या गंजीखाली लपवल्या होत्या. मला दिसू नयेत म्हणून.

नांदेड

कंधारच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी बाटली वाचली, लगेच इंजेक्शनं सुरू केली आणि थोडा श्वास सुधारल्यावर नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात हलवायला सांगितलं. जीपच्या मागच्या सीटवर किसनरावांच्या मांडीवर शेवंताबाईंचं डोकं होतं, पायाशी मी, आणि आमच्या मध्ये माझे दोन खोके. ते मी गावात ठेवून येऊ शकलो असतो. गडबडीत मी ते स्वतः उचलून जीपमध्ये ठेवले होते.

लोह्याच्या पुढं मी किसनरावांना विचारलं, फवारलं का? मी येणार होतो ना?

"येनार होता म्हनूनच," ते म्हणाले. "शाळंत तपासणी म्हनलं की आदल्या दिशी आम्ही समदं झाडून घेतो, भिंतीला चुना मारतो. तुमच्या कार्डावर तपासणी लिवलं हुतं. साहेब तपासणीला येनार आन् रानात अळ्या? शेवंता म्हनली, आपली काय इज्जत ऱ्हाईल."

मग बाकीचं त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. त्यांची शाळा, म्हणून फवारणी शेवंताबाईंनीच केली. तीन औषधं एकत्र, बादलीत हातानं ढवळून. आदल्या दिवशी अंधार पडेपर्यंत मारलं, तरी दोन एकर राहिलं, ते पहाटे उठून उरकलं. पंप गळका, पाठ चिंब झाली. पिंपातलं पाणी फवारणीत संपलेलं, म्हणून अंघोळ न करता हातपाय धुतले, लुगडं बदललं आणि सडा टाकून माझ्या बिनतिखट भाजीला लागल्या. मी खिडकीबाहेर बघत ऐकत होतो. ते एक वाक्य कार्डावर लिहायचं राहिलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दोन दिवस डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. नळीतून श्वास देणाऱ्या यंत्राचा आवाज वऱ्हांड्यापर्यंत येत होता. नात्यातली माणसं गावाहून आली, त्यांनी माझ्यासाठीही भाकरी आणली. साहेब स्वतः थांबलेत, असं किसनराव प्रत्येकाला सांगत होते आणि लोक माझ्याकडे आदरानं बघत होते. हे माझ्याच्यानं सहन होईना. म्हणून मी बाजारात गेलो, असं म्हणता आलं असतं. खरं म्हणजे मी भेंडी आणायला गेलो. अळ्या दोन दिवस उपाशी होत्या. कोवळ्या भेंडीचे तुकडे करून दवाखान्याच्या जिन्याखाली बसून मी दोनशे कप्प्यांत एकेक तुकडा टाकला. त्या ठणठणीत होत्या. ज्या फवाऱ्यानं बाई आडवी केली, त्याच फवाऱ्यातून त्या निघाल्या होत्या. एक आया जिन्यावरून खाली आली, माझ्याकडे बघून थांबली आणि बाजूनं निघून गेली.

पुढं त्या अळ्यांवर प्रयोग केला. निकाल इतका ठळक आला की सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं. नमुना ताज्या फवारणीनंतरचा आहे, म्हणजे तो सगळ्या पट्ट्याचा म्हणून धरता येणार नाही, हे वाक्य माझ्या अहवालाच्या पहिल्या मसुद्यात नव्हतं. दुसऱ्यात घातलं. मध्ये एक आठवडा गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. दुपारी डॉक्टर म्हणाले, आता धोका टळला. किसनराव मला आत घेऊन गेले. शेवंताबाईंनी डोळे उघडले, मला ओळखलं, पदर शोधायला हात हलवला. ओठांशी कान नेला तेव्हा ऐकू आलं, "साहेब, तुमचं जेवान अर्धंच ऱ्हायलं."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि रडलो. किसनराव शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पुन्हा लातूर

निघताना त्यांनी एक काम सांगितलं. लातूरला सुजाताला भेटा. रविवारी तिची मोठी चाचणी आहे, त्यावरून वरच्या तुकडीत घेतात. तोवर तिला कळू देऊ नका. आई शेताच्या कामात आहे, म्हणून या आठवड्यात डबा आला नाही, एवढंच सांगा. लातूरला हे सगळेच करतात, परीक्षा होईपर्यंत घरातलं वाईट पोराच्या कानावर जाऊ देत नाहीत. मला ते काम फार सोयीचं वाटलं. येताना गाडीत मी ते वाक्य तीन-चार प्रकारे म्हणून पाहिलं.

एका दुमजली घराच्या खालच्या खोलीत चार मुली राहत होत्या. सुजाता बाहेर आली, हातात वही, बोटाला शाई. वडिलांसारखंच कपाळ. ओट्यावर बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी ठरवलेलं वाक्य म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, शेत बघितलं का, अळी लई आहे का, बाबांनी परत फवारलं का? आणि मी उत्तर जुळवत असताना स्वतःच म्हणाली, की फवारलं तर आईच फवारते, हातानंच ढवळते, मी किती वेळा सांगितलं काठी घे म्हणून. मला म्हणते, भाकरीचं पीठ मळणारे हात, त्यांना काय होतंय.

तिथं माझं पाठ केलेलं सगळं संपलं. मी तिला सांगितलं. आई नांदेडला आहे, आता बरी आहे, बोलली, धोका नाही. हे आधी सांगितलं आणि मग बाकीचं.

ती रडली नाही. वही मिटून मांडीवर ठेवली आणि एकेक विचारायला लागली, एखादा डॉक्टर केस लिहून घेतो तसं. फवारणी किती वाजेपर्यंत? पहाटे सहा. उलटी कधी? दीडच्या सुमारास. घाम, लाळ त्याच्या आधीपासून? हो, दहापासून असावी, घाम तरी. ध्यानात कधी आलं? साडेतीनला. दवाखान्यात किती वाजता? सव्वाचार.

ती मनातल्या मनात मोजत होती.

"दीड ते साडेतीन," ती म्हणाली. "मधे कुणी काहीच केलं न्हाई?"

"मी गोळ्या दिल्या होत्या."

"कशाच्या?"

"पित्ताच्या. माझ्याजवळच्या."

आतून एका मुलीनं तिला हाक मारली, तिनं ओ दिली नाही. मला वाटलं आता ती काहीतरी कडू बोलेल आणि बोलली तर बरं होईल. पण तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त खरंच कळत नव्हतं आणि समजून घ्यायचं होतं.

"पण सर, बाबांनी तुम्हाला सांगितलं न्हाई का, औषध लागलंय म्हणून?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.